भाताची हाडे, बाजरीची हाडे

डाकार, १४ जानेवारी २०१४

भातभक्षकशिरोमणी, निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या पूर्वजांच्या गोठ्यातून पळालेल्या दासांचे विद्यमान वंशज मालांग कुजाबी यांसी,

लातिर दियूफ याचा नमस्कार नाही. दासाला नमस्कार करण्याची आमच्या घराण्यात प्रथा नाही.

तू अद्याप जिवंत आहेस असे ऐकले. त्यावरून तुमच्या खाडीकाठच्या डासांच्या अभिरुचीविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली. आई मात्र विचारत असते, तुझ्या जोलाचे पत्र का नाही आले म्हणून. तुझ्या शिव्या वाचून दाखवल्या की तिला दोन घास जास्त जातात. फोनवर शिवी हलकी पडते, कागदावर तिला वजन येते, हे तुझे मत तिलाही मान्य आहे.

आता काम. आमच्या प्रयोगशाळेला हाडांची घनता मोजणारे यंत्र मिळाले असून ते गाडीवर चढवून गावोगाव नेता येते. प्रश्न असा की, गोऱ्या मुलखातल्या बायकांशी तुलना केली तर आपल्या खेड्यांतल्या बायकांची हाडे पातळ भरतात. समुद्रापार नेलेल्या, आपल्याच रक्ताच्या लोकांची मात्र दाट भरतात. तेव्हा रक्तातून काय उतरते आणि ताटातून काय चढते, हे कोणालाच धड सांगता येत नाही. ते शोधायला तुझ्यामाझ्यासारखे दुसरे प्राणी नाहीत. त्या दोन बहिणींची होडी आठव. समुद्रात दुभंगली. एक अर्धी उत्तरेला लागली, तिची लेकरे आम्ही सेरेर, बाजरी खाऊन राजे झालो. दुसरी दक्षिणेला चिखलात रुतली, तिची लेकरे तुम्ही जोला, भात खाऊन जे झालात ते झालात. एकच आजी आणि दोन ताटे! आमच्याकडच्या बायका मोजून झाल्या. आता तुमच्याकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, मला हव्यात. थोडे रक्त द्यायचे आणि यंत्राखाली थोडा वेळ स्वस्थ पडायचे, एवढेच.

माझा शब्द: जिचे हाड अशक्त निघेल तिला मी स्वतः सांगेन आणि औषध चालू करून देईन. सेरेराने जोलाला दिलेल्या शब्दाचे मोल तुला ठाऊक आहे. आपल्या थट्टेच्या नात्यात सेरेराला नाही म्हणायची जोलाला सोय नाही, हेही ठाऊक आहे.

लोभ नाही, नव्हता, नसेल.

तुझा धनी,
लातिर


कानुमा, ६ फेब्रुवारी २०१४

बाजरीच्या भुशात जन्म घेऊनही डॉक्टर या पदवीस पोचलेल्या, तस्करकुलभूषण लातिर यास,

तुझे पत्र गाडीवाल्याने मासळीच्या टोपलीत घालून आणले. त्यामुळे पत्राला तुझ्या घराण्याचा मूळ सुगंध प्राप्त झाला होता.

तुझी याचना मी गावसभेत मांडली. सावरीच्या झाडाखाली सगळा गाव जमला. मी रक्त, वंश, आहार आणि अस्थी या विषयांवर जे व्याख्यान दिले त्याने तीन म्हातारे झोपी गेले. गावप्रमुख तेवढे जागे होते.

"रक्त कशाला पाहिजे त्याला?" ते म्हणाले. "मागं पण आले होते कोणीतरी. रक्त घेऊन गेले, पुढं काय झालं कुणी सांगितलं? नको रे बाबा."

"मागणारा सेरेर आहे," मी म्हणालो.

"मग हे आधी नाही सांगायचं? उगाच तासभर डोकं खाल्लंस."

सभा संपली. येणाऱ्या बायकांमध्ये माझी थोरली बहीण आरामाता सर्वांत पुढे आहे. तिच्याविषयी मात्र थट्टा बाजूला ठेवून लिहितो. आई गेल्यावर मला तिने वाढवले. ती खारफुटीत कालवे काढायची आणि त्या कालवांवर मी शाळा शिकलो, म्हणून आज तुला शुद्ध भाषेत शिव्या देऊ शकतो. अजूनही ओहोटी लागली की आपली डोण वल्हवत एकटी खाडीत जाते, निसरड्या मुळ्यांवर उभी राहून कोयता चालवते. आमच्या आईची पाठ शेवटी कमानीसारखी वाकली होती. थोरलीचे मनगट तीन वर्षांपूर्वी नुसते हात टेकल्याने मोडले. तिची सून सिरे म्हणते, आता डोण मला द्या. ही म्हणते, अजून नाही.

काल तिने निरोप सांगितला, तो जसाच्या तसा: "त्या चोराला म्हणावं, रक्त घे हवं तेवढं. पण मला एकच सांग, मी खाडीत जाऊ का नको? तो नको म्हणाला तर डोण सिरेला देते, वाद नाही. डॉक्टरचं नाही ऐकणार एखाद वेळी, सेरेराचं ऐकीन."

एवढे मात्र नीट पाहा.

लोभ असल्यास तो तुझ्या बाजूने; आमच्याकडे त्याचा साठा नाही.

तुझा खरा मालक,
मालांग


डाकार, २२ मे २०१४

चिखलसम्राट मालांग यास,

तुमच्या गावाने केलेल्या आतिथ्याचे आभार मानणे आपल्या नियमात बसत नाही, म्हणून तक्रार करतो. भात कच्चा होता, कालवांत वाळू होती आणि गावप्रमुखांनी मला जावई करून घेण्याचा प्रयत्न केला.

परिचारिकेने बायकांना निकाल तोंडी सांगितलेच आहेत. तू थोरलीविषयी वेगळे विचारलेस म्हणून लिहितो. तुमच्या लोकांच्या आणि तिच्या वयाच्या मानाने तिचे हाड ठीक आहे.

हे झाले डॉक्टरचे. आता सेरेर म्हणून ऐक. कुजाबींच्या घरात हाडे नाहीतच, भाताचा पेंढा आहे. थोरली आडवी झाली तेव्हा यंत्राला वाटले, वर कोणी नाहीच. तिला म्हणावे जोराने शिंकू नकोस, वारा सुटला की खाडीत जाऊ नकोस, उडशील. सारा वंश गंजीत रचून ठेवण्याजोगा आहे. बाजरी खा, दासांनो, अजून वेळ गेलेली नाही.

दोन वर्षांनी, याच सुमारास, पुन्हा मोजायला येईन. तोवर कोणी मोडू नका.

लोभ तुमच्या हाडांइतकाच.

तुझा राजा,
लातिर


कानुमा, ११ जून २०१४

राजाधिराज, ज्यांच्या राज्यात प्रजा नाही, मुकुट नाही आणि पावसाळ्यात छप्परही नाही, त्या लातिर यांस,

तुझे पत्र मी अंगणात सर्वांसमक्ष वाचले. पेंढ्याच्या ठिकाणी थोरली इतकी हसली की हातातले कालव निसटले. म्हणाली, "त्याला लिही, पेंढ्यावरच त्याची गाय जगते. आम्ही नसतो तर राजेसाहेब दुधावाचून मेले असते."

सिरेने विचारले, "मग डोणीचं काय?"

"डोण माझीच," थोरली म्हणाली. "ऐकलं नाहीस? ठीक आहे म्हणालाय."

 नंतर सिरे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, ते पेंढ्याचं खरं नसेल ना?" मी तिला रागावलो. ती मांडिंका घरातून आलेली, तिला हे नाते कसे कळावे? तिला सांगितले की सेरेराच्या थट्टेला घाबरणे म्हणजे त्याला शत्रू मानणे. त्याने आपल्याला कापून खाईन म्हटले तरी आपण तिखटमीठ पुढे करायचे. पोर ओशाळली.

तेव्हा प्रस्तुत गंजीतील पेंढा आनंदात आहे. तुझ्या बाजरीच्या हाडांना वाळवी न लागो.

लोभाची अपेक्षा करू नये.

तुझा धनी,
मालांग


कानुमा, २ एप्रिल २०१६

प्रिय चोरा,

बिरुदावली नंतर पाठवीन. आज सुचत नाही.

मार्च सरता सरता थोरलीची मांडी मोडली, कमरेच्या खुब्यापाशी. ओहोटीची वेळ होती. ती डोणीतून मुळीवर पाय ठेवायला गेली. ती स्वतः सांगते, "घसरले नाही रे मी. पाय ठेवला, आतून काहीतरी काडीसारखं वाजलं, आणि मग पडले." म्हणजे पडल्यामुळे हाड मोडले नाही, हाड मोडल्यामुळे ती पडली. भरती लागली तेव्हा ती चिखलात कंबरेइतकी होती. पलीकडच्या खाडीतल्या बायकांनी हाक ऐकली आणि तिला ओढून डोणीत घातली. त्या सांगतात, पाणी छातीला लागले तरी ती कालवांची टोपली सोडत नव्हती.

आता शहरातल्या मोठ्या इस्पितळात आहे. तिथल्या डॉ. हॅडी जोबे वोलोफ आहेत. आमचे त्यांच्याशी थट्टेचे नाते नाही, त्यामुळे त्या सरळ बोलतात. त्यांनी विचारले, "मास्तर, यांची हाडं कधी मोजली होती का?"

मी अभिमानाने म्हणालो, "हो, दोन वर्षांपूर्वी. ठीक होती."

"कुणाच्या मानानं ठीक?"

"आमच्या लोकांच्या."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांची हाडं पातळ असली, तर पातळ हाड म्हणजे ठीक हाड होतं का? आणि एकाच जमातीतल्या दोन बायकांमध्ये जेवढा फरक असतो तेवढा कधी कधी दोन जमातींमध्येही नसतो. बरं, ते राहू दे. घरात कुणाची पाठ वाकली होती?"

"आईची."

"यांचं आधी काही मोडलं होतं?"

"मनगट. नुसतं टेकल्यानं."

"हे मोजणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतं?"

"मीच पत्रानं कळवलं होतं त्याला."

 मग त्या म्हणाल्या, "तेवढ्यावरच औषध चालू व्हायला हवं होतं, यंत्राचीसुद्धा गरज नव्हती. पण अशा अभ्यासात काय असतं सांगू? औषधानं हाड बदलतं. म्हणून औषध दिलं की ती बाई अभ्यासातून बाद. तुमच्या मित्राला एकदा विचारा."

मी म्हणालो, "बाई, तो मित्र नाही. तो माझा सेरेर आहे."

"तरी विचारा."

म्हणून विचारतो. उत्तर 'नाही' असेल तर सोबत चार सणसणीत शिव्या घाल, म्हणजे मला बरे वाटेल.

मालांग


डाकार, २५ एप्रिल २०१६

मालांग, दासश्रेष्ठा,

थोरलीचे वाचून फार वाईट वाटले. आईला अजून सांगितलेले नाही.

तू शिक्षक आहेस, तेव्हा शास्त्र समजून घे. हाडाची घनता कुठल्या एका जनुकाने ठरत नाही. शेकडो जनुके असतात आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. जमातीजमातींत त्या चिमटींचे प्रमाण बदलते. ते कुठे आणि किती बदलते हे शोधायचे तर अशी घरे लागतात जिथे एकच ठेवण पिढ्यांतून उतरलेली दिसते. तुमचे घर तसे आहे. तुझी आई, थोरली, यंत्राखाली आलेल्या तुझ्या दोन्ही मावसबहिणी, सगळ्यांची तीच गत. दहा गावे धुंडाळली तरी असे घर सापडत नाही. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा मोजले की चित्र पुरे होणार होते. मध्ये औषध गेले असते तर सारे घर अभ्यासातून गेले असते. या मेमध्ये मोजून झाले की त्याच दिवशी मी औषध देणार होतो. दोन वर्षांचाच प्रश्न होता.

निकाल सांगताना स्थानिक बायकांचे माप वापरले. तसे वापरणारे जगात मी एकटाच नाही. तुमच्याकडे हाडे पातळ असूनही फारशी मोडत नाहीत, हे तर सर्वज्ञात आहे. धोका अल्प होता.

आणि एक गोष्ट लक्षात घे. मी तुझ्यापासून काहीही लपवलेले नाही. पेंढा आहे असे लिहिले. खाडीत जाऊ नकोस असे स्पष्ट शब्दांत लिहिले. सारा वंश तसाच आहे हेही लिहिले. पत्र काढून वाच. तू हसलास, याला मी काय करणार?

औषधाची व्यवस्था करतो.

लातिर


कानुमा, १९ मे २०१६

लातिर,

पत्र काढून वाचायची गरज नाही. थोरलीला ते पाठ आहे. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगून हसवत होती: "माझा सेरेर म्हणतो, मी पेंढ्याची." मी तुझे नवे पत्र तिला वाचून दाखवले. तेव्हापासून ती ते सांगत नाही.

मला आयुष्यभर मोठमोठे शब्द वापरायची खोड आहे. आज एकही कामाचा नाही, म्हणून साधेच लिहितो.

सेरेराच्या बोलण्याने जखम होऊ द्यायची नाही, असे मला बापाने शिकवले. इतरांसमोर माणूस ढाल घेऊन बसतो. सेरेरासमोर ढाल दाराबाहेर ठेवून यायची. तुझ्या बापानेही तुला हेच शिकवले असणार. जगात अशी एकच जागा होती जिथे भिण्याची मला मनाई होती. खरे सांगायला तू नेमकी तीच जागा निवडलीस. डॉक्टर म्हणून खोटे बोललास आणि सेरेर म्हणून खरे, कारण दोघांपैकी मी कोणाचे गंभीरपणे घेईन हे तुला ठाऊक होते. मी हसलो याला तू काय करणार, असे विचारतोस. लातिर, मी हसावे म्हणूनच तर ते तसे लिहिले होते.

सिरेने ओळखले होते. तिला हे नाते नव्हते म्हणून तिला ऐकू आले, आणि मी तिला गप्प केले. परवा मी तिच्याकडे पाहून काही बोलणार होतो, तर ती म्हणाली, "राहू द्या मामा, पाणी तापलंय, आत्याबाईंना पुसून घेते."

गावप्रमुख आले होते. म्हणाले, "एवढंच विचार त्याला. रक्त मागितलं ते सेरेर म्हणून की डॉक्टर म्हणून? डॉक्टर म्हणून मागितलं असतं तर आम्ही नाही म्हणणार होतो." 

तुझ्या अभ्यासाचे फलित मात्र मला समजले. बाजरी खाणाऱ्यांच्या मानाने काय, भात खाणाऱ्यांच्या मानाने काय, गोऱ्यांच्या मानाने काय, सगळे तू मोजलेस. खारफुटीत एकटी जाणारी एक बाई होती. तिच्या मानाने कोणी मोजले नाही.

थोरली तुला काही बोलू नको म्हणते. तिचा एकच प्रश्न आहे, तिच्याच शब्दांत: "डोण देऊन टाक म्हणायला त्याचं काय जात होतं? त्यात औषध नव्हतं, काही नव्हतं. त्याचा अभ्यास पण बिघडला नसता. मी दिली असती रे."

या प्रश्नाचे उत्तर मीही शोधतो आहे. तू डोण सोड म्हणाला असतास तर तिने का म्हणून विचारले असते. मग तुला सांगावे लागले असते. एवढेच असावे.

मालांग


डाकार, ८ जून २०१६

मालांग,

गाडीवाल्याबरोबर वर्षभराचे औषध पाठवले आहे. तुझ्या मावसबहिणींसाठीही आहे. सोबत घरच्या शेतातल्या बाजरीचे एक पोते आहे, ते आईने भरले. कुजाबी घर मी अभ्यासातून काढून टाकले. यंत्राची गाडी या वर्षी खाडीकडे येणार नाही.

थोरलीच्या प्रश्नाला तू लिहिलेस तेच उत्तर आहे. दुसरे मी पुष्कळ शोधले.

आईला आता सारे सांगितले. ती माझ्याशी बोलत नाही, जेवणही नीट जात नाही. फक्त रोज विचारते, "तुझ्या जोलानं काय शिवी लिहिली?" मागचे तुझे पत्र मी तिला वाचून दाखवू शकलो नाही, कारण त्यात एकही नव्हती. आपली ओळख झाली त्या दिवसापासून तुझे असे पत्र मला कधी आले नव्हते.

एक ओळ लिही. दास म्हण, चोर म्हण, खुनी म्हण. जे म्हणशील ते मी तिला मोठ्याने वाचून दाखवीन. एवढे मागतो, सेरेर म्हणून मागतो. तुला नाही म्हणता येत नाही.

लातिर


कानुमा, ३० जून २०१६

आदरणीय डॉक्टर लातिर दियूफ महोदय यांना सादर नमस्कार.

आपले कृपापत्र आणि औषधे पोचली. आपण घेतलेल्या तसदीबद्दल आम्ही सर्व आपले ऋणी आहोत. आपण पाठवलेले बाजरीचे पोते याच गाडीने परत करीत आहे. आमच्याकडे बाजरी खाण्याची सवय नाही, तरी कृपया गैरसमज नसावा.

आरामाता यांची प्रकृती आता बरी आहे. त्या काठीच्या आधाराने अंगणापर्यंत येतात आणि बसल्या बसल्या कालवे फोडतात. डोण सिरे चालवते.

आपल्या मातोश्रींना आमचा नमस्कार सांगावा. त्यांना वाचून दाखवण्यास सोयीचे व्हावे म्हणून हे पत्र सुवाच्य अक्षरात लिहिले आहे.

पत्रलेखनात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा असावी.

कळावे. आपला लोभ असावा.

आपला नम्र,
मालांग कुजाबी